हेका सोडून माफी कशी मागावी: वाटणीवरून अबोला धरलेल्या भावंडांसाठी

वडील गेल्यानंतर जमिनीच्या किंवा घराच्या वाटणीचा विषय निघतो, कोणीतरी कोणाला चारचौघांत टाकून बोलते आणि मग सख्ख्या भावंडांत वर्षानुवर्षे अबोला राहतो, हा प्रकार महाराष्ट्रात इतका सर्रास आहे की बहुतेक वाचकांच्या नात्यागोत्यात त्याचे एखादे तरी उदाहरण सापडेल. अशा अबोल्यात अडकलेल्या आणि आता तो संपावा असे मनातून वाटू लागलेल्या माणसासाठी हे लेखन आहे. वाटणी कशी करावी हे येथे सांगितलेले नाही. आपल्या हातून जी आगळीक घडली तिची माफी कशी मागावी, आणि त्याआधी ती मागू न देणारा हेका कसा सैल करावा, एवढाच विषय आहे.

सोयीसाठी एक प्रसंग गृहीत धरू. धाकटा भाऊ गावाकडे शेती पाहतो, थोरली बहीण लग्नानंतर पुण्यात राहते. वडिलांच्या तेराव्याची जेवणे आटोपल्यावर हक्कसोडपत्राचा विषय निघतो. बहीण म्हणते, ‘मला जरा विचार करू दे.’ भावाचा तोल जातो आणि काका, आत्या, बहिणीचे यजमान अशा सगळ्यांदेखत तो बोलून जातो, ‘लग्नात बाबांनी काय कमी केलं होतं? आता जमिनीवर डोळा ठेवून आलीस का?’ बहीण त्याच संध्याकाळी निघून जाते. पुढच्या भाऊबिजेला ती येत नाही आणि भाऊही बोलावत नाही. वर्षभराने तिच्या यजमानांची अँजिओप्लास्टी होते. भावाला ते तिसऱ्याच माणसाकडून कळते, फोन करावा असे मनातही येते, पण ‘तिने कळवलं का मला?’ असे स्वतःशी म्हणून तो गप्प बसतो.

या भावाला माफी मागायची आहे, पण जमत नाही. त्याने कोठून सुरुवात करावी?

हेका कशाच्या बळावर टिकतो

बहुतेक वेळा माणूस अडून बसतो तो एका चुकीच्या हिशेबामुळे. ‘मी माफी मागितली तर सगळेच कबूल केल्यासारखे होईल’ अशी त्याची धास्ती असते. आपल्या उदाहरणातल्या भावाला वाटते की बहिणीपुढे नमते घेतले तर जमिनीचा प्रश्नही आपण हरलो. वास्तविक हे दोन प्रश्न वेगळे आहेत. बहिणीच्या हक्काचा प्रश्न कायद्याने पुष्कळसा सोडवलेला आहे. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींना आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित असा भेद न करता सर्व मुलींना हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला, आणि २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. तरीही भावाची काही गाऱ्हाणी खरी असू शकतात: विहिरीचे कर्ज त्याने एकट्याने फेडले असेल, आईवडिलांची आजारपणे त्याने काढली असतील. ती गाऱ्हाणी योग्य वेळी मांडण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पण भरल्या घरात बहिणीच्या हेतूवर शिंतोडे उडवणे ही गोष्ट या सगळ्यापासून अलग काढता येते, आणि माफी मागायची ती तेवढ्याच गोष्टीची. आपली बाजू मुळात बरोबर असलेल्या माणसालाही आपल्या वागण्याची माफी मागावी लागते, आणि तशी ती मागितल्याने त्याची बाजू दुबळी होत नाही, हे एकदा पटले की निम्मी गाठ सुटते.

दुसरी गोष्ट अशी की अडून बसण्यात एक प्रकारचे सुख असते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये सामाजिक मानसशास्त्राच्या एका युरोपीय नियतकालिकात ओकिमोटो, वेन्झेल आणि हेड्रिक या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माफी मागायला नकार देणाऱ्या माणसांना आपल्या हाती सूत्रे असल्याची आणि आपण स्वतःशी प्रामाणिक राहिल्याची भावना अधिक जाणवते, असे त्यात दिसून आले. म्हणूनच ‘मी किती आडमुठा आहे’ असे स्वतःला कोसून हेका सुटत नाही. उलट कोसल्यावर माणूस जास्तच ताठरतो. याच्या उलट वाट कॅरिना शूमन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या २०१४ च्या प्रयोगांतून दिसते. ज्यांना आधी स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या मूल्यांविषयी थोडे लिहायला सांगितले, त्यांनी नंतर लिहिलेल्या माफ्या अधिक परिपूर्ण होत्या आणि त्यांत सबबी कमी होत्या. आपल्या भावाने हे घरच्या घरी करून पाहावे. आपण कोणत्या गोष्टींत चांगले आहोत, कोणासाठी काय केले, कशाचा आपल्याला अभिमान आहे, हे दहा मिनिटे बसून वहीत लिहावे. ज्याला स्वतःविषयी चार बऱ्या गोष्टी ठाऊक असतात, त्याला एक चूक मान्य करणे झेपते.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही, पण माझ्या मते तीच सर्वांत चिवट आहे. हेक्याला बाहेरून खतपाणी मिळत असते. पारावर, दुधाच्या डेअरीवर किंवा चुलतभावांच्या बैठकीत भाऊ ही हकीकत सांगतो, आणि ऐकणारे ‘बरोबर केलंस, असंच पाहिजे’ म्हणतात. त्यांना त्यात काही गमवायचे नसते. प्रत्येक वेळी सांगताना हकीकत भावाच्या बाजूला आणखी थोडी झुकते, आणि मग ती बदलायची म्हणजे इतक्या लोकांपुढे तोंडघशी पडायचे, अशी अडचण होऊन बसते. म्हणून माफीची तयारी करणाऱ्याने पहिला नियम हा पाळावा की तो विषय निदान महिनाभर कोणापुढेही काढायचा नाही. कोणी मुद्दाम काढला तर ‘ते जाऊ द्या’ म्हणून दुसऱ्या विषयावर जावे. घरात बायको किंवा नवरा सतत तोच विषय उगाळत असेल, तर त्यांनाही स्पष्ट सांगावे की मी यातून बाहेर पडायचे ठरवले आहे, तेव्हा मला मागे ओढू नका.

घडले ते पंचनाम्यासारखे लिहून काढा

मनातल्या मनात विचार करत राहिले की माणूस स्वतःचा वकील होतो. त्यासाठी कागद-पेन घ्यावे आणि त्या दिवशी काय झाले ते पंचनामा लिहितात तसे लिहावे. पंचनाम्यात दिसले, ऐकले तेवढेच नोंदवायचे असते. कोणाच्या मनात काय होते हे पंच लिहीत नाहीत. ‘तिला मला खाली दाखवायचे होते’ हे वाक्य येथे बसत नाही. ‘ती म्हणाली, मला जरा विचार करू दे’ हे बसते. ‘मी आवाज चढवला’ हे बसते, ‘मला आवाज चढवावा लागला’ हे बसत नाही.

आपण नेमके कोणते शब्द उच्चारले ते, कितीही नकोसे वाटले तरी, जसेच्या तसे लिहावेत. तेथे कोण कोण हजर होते, त्यांची नावे लिहावीत. पुढे काय काय केले नाही, तेही लिहावे. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. आपल्या प्रसंगात बहिणीला तेराव्याच्या दिवशीचे शब्द लागले असतीलच, पण नवरा दवाखान्यात असताना भावाचा फोन आला नाही, हे त्याहून खोल गेले असण्याची शक्यता मोठी आहे. रागाच्या भरात तोंडातून गेलेला शब्द माणूस कधी तरी समजून घेतो. शांत डोक्याने न केलेला फोन समजून घेणे अवघड जाते, कारण तेथे राग हे निमित्तही उरत नाही.

लिहून झाले की समोरच्याने केलेल्या चुकांच्या ओळी वेगळ्या कागदावर उतरवाव्यात आणि तो कागद बाजूला ठेवावा. फाडू नये. त्यातल्या काही तक्रारी रास्त असतील आणि त्यांवर कधी तरी बोलावे लागेल, पण माफीच्या दिवशी तो कागद खिशात असता कामा नये. उरलेल्या कागदावरच्या प्रत्येक ओळीची एक परीक्षा घ्यावी: ‘पण’, ‘कारण’ आणि ‘तिनेही’ या तीन शब्दांवाचून ती ओळ पूर्ण होते का? होत नसेल, तर त्या ओळीपुरता हेका अजून सुटलेला नाही असे समजावे आणि दोन दिवसांनी पुन्हा लिहून पाहावे.

या टप्प्यावर काहींच्या लक्षात येते की आपल्या बाजूला लिहिण्यासारखे खरोखरच काही नाही. मग केवळ वाद मिटावा, आईला बरे वाटावे म्हणून न केलेल्या गोष्टीची माफी मागू नये. अशी माफी मागणाऱ्याच्या मनात सल ठेवते आणि पुढच्या भांडणात ती उसळून वर येते. तसेच ज्या नात्यात मारहाण, धमक्या किंवा सततची मानहानी आहे, तेथे प्रश्न हेक्याचा नसतो. तेथे माफीचा विचार करण्याआधी स्वतःची सुरक्षितता पाहावी.

केव्हा मागावी

माफी ताबडतोब मागावी, असे आपण ऐकत आलो. पायावर पाय पडला तर ते ठीकच आहे. पण मोठ्या दुखापतीच्या बाबतीत सिंथिया फ्रान्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांच्या २००५ च्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. ज्याला दुखावले त्याला आपले म्हणणे मांडायला अवसर मिळाल्यानंतर आलेली माफी अधिक परिणामकारक ठरली, कारण तोवर आपले दुःख समोरच्याला कळले आहे अशी त्याची खात्री झालेली असते. त्यावरून असे दिसते की उशीर झाला म्हणून खजील होऊन बसण्याचे कारण नाही. तीन वर्षांनीही माफी मागता येते. मात्र उशिरा मागायची तर बहिणीला काय लागले हे आपल्याला समजले आहे, हे त्या माफीतून दिसले पाहिजे.

सणावाराचा उपयोग होतो, पण बेताने. संक्रांतीला तिळगूळ देताना किंवा दसऱ्याला आपट्याचे पान हातात ठेवताना ‘आधी कोणी बोलायचे’ हा प्रश्न आपोआप मागे पडतो. जैन समाजात पर्युषणाच्या शेवटी क्षमा मागण्याचा दिवसच ठरलेला आहे. श्वेतांबर मंडळी संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या दिगंबर जैन घरांत दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणी साजरी होते. ठरलेल्या दिवशी सगळेच क्षमा मागत असल्यामुळे त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, ही या प्रथेतली मोठी सोय आहे. पण सर्वांना पाठवलेला तोच संदेश बहिणीलाही पाठवून मोकळे झाले, तर तिला ती माफी वाटणार नाही. सणाने दार उघडते. आत जाऊन आपल्या चुकीचे नाव आपल्यालाच घ्यावे लागते. भाऊबीज मात्र मी पहिल्या भेटीसाठी टाळायला सांगेन. त्या दिवशी ओवाळायचे की नाही, ओवाळणी घ्यायची की नाही, असे पेच बहिणीपुढे उभे राहतात, आणि नाही म्हणणे तिला अवघड होते. माफी स्वीकारायची की नाही हे तिला मोकळेपणाने ठरवता आले पाहिजे. म्हणून एखादा साधा रविवार निवडावा.

आणि एक वेळ कटाक्षाने टाळावी. हक्कसोडपत्रावर सही हवी आहे, पीककर्जासाठी संमती हवी आहे किंवा दुय्यम निबंधक कार्यालयातली तारीख जवळ आली आहे, अशा दिवसांत मागितलेली माफी कितीही मनापासून असली तरी ती सहीसाठीच आहे असे वाटणार, आणि तसे वाटले तर चूक बहिणीची नाही. काम पुढे ढकलता येत असेल तर ढकलावे. येत नसेल तर माफी पुढे ढकलावी.

काय बोलावे

माफीत काय असावे यावर ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन प्रयोगांत मिळून ७५५ जणांपुढे त्यांनी माफीचे सहा घटक वेगवेगळ्या प्रकारे ठेवून पाहिले: खेद, काय घडले त्याचे स्पष्टीकरण, जबाबदारीचा स्वीकार, पुन्हा असे न करण्याचा निश्चय, नुकसान भरून देण्याची तयारी आणि क्षमेची विनंती. सर्वांत अधिक वजन जबाबदारीच्या स्वीकाराला मिळाले, त्याखालोखाल भरपाईच्या तयारीला. आणि सर्वांत कमी महत्त्व ‘मला क्षमा कर’ या विनंतीला. हे प्रयोग नोकरीच्या मुलाखतीच्या कल्पित प्रसंगावर बेतलेले होते, भावंडांवर नव्हे, त्यामुळे त्यातला क्रम घरातही तंतोतंत लागू पडेल असे मी म्हणणार नाही. पण ‘चूक माझी होती’ हे वाक्य टाळून केलेली माफी फोल ठरते, हा अनुभव घराघरांतला आहे.

भावाने मनात जुळवलेला पहिला मसुदा बहुधा असा असेल:

‘ताई, बाबांच्या तेराव्याला जे काही झालं त्याबद्दल तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. त्या दिवशी मी किती दमलो होतो ते तू बघितलंसच. रागात माणूस बोलून जातो. दाजींसमोर तूही मला काही कमी बोलली नाहीस. जाऊ दे, झालं गेलं गंगेला मिळालं.’

यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य काढून टाकण्याजोगे आहे. ‘जे काही झालं’ म्हटल्याने ते आपोआप घडल्यासारखे होते. भाऊ त्यात कोठेच नाही. ‘वाईट वाटलं असेल तर’ म्हणजे तिला वाईट वाटले की नाही याचीच अजून शंका आहे. दमणूक खरी असली तरी ती भावाने सांगायची नसते; बहिणीला वाटले तर तीच म्हणेल, ‘तूही दमला होतास.’ ‘माणूस बोलून जातो’ म्हणताना ‘मी’ पुन्हा एकदा ‘माणूस’ या शब्दामागे दडला. ‘तूही’ने तर भांडणाला नव्याने तोंड फुटते. आणि ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे म्हणण्याचा अधिकार ज्याला लागले त्याचा असतो. लागेलसे बोलणाऱ्याने ते म्हणणे म्हणजे तिच्या वतीने स्वतःलाच माफ करून घेणे.

हा मसुदा फसला की काही जण दुसऱ्या टोकाला जातात: ‘मी नालायक आहे, मी भाऊ म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, तू माझं तोंडसुद्धा बघू नकोस.’ ऐकायला हे फार नम्र वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे बहिणीवर नवेच काम येऊन पडते. आपले दुःख बाजूला ठेवून तिला भावाची समजूत काढावी लागते, आणि तेराव्याच्या दिवशीच्या शब्दांवर बोलायचे राहूनच जाते. रडू आले तर येऊ द्यावे, पण स्वतःला शिव्या घालण्याने काम होत नाही.

पुष्कळ खाडाखोड केल्यावर जमण्याजोगा मसुदा साधारण असा होईल:

‘ताई, बाबांच्या तेराव्याला काका, आत्या आणि दाजींसमोर मी तुला म्हणालो की तू जमिनीवर डोळा ठेवून आलीस. ते खोटं होतं, आणि बोलतानाही मला ते माहीत होतं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा रात्र रात्र तू त्यांच्याजवळ बसलीस. मी चुकलो. दाजींची अँजिओप्लास्टी झाली हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. फोन करावा असं वाटलं, तरी मी ताठ्यात राहिलो आणि केला नाही. तीही माझीच चूक. मी तुझी आणि दाजींची माफी मागायला आलोय. त्या दिवशी जे सगळे तिथे होते, त्यांना मी स्वतः सांगेन की मी खोटं बोललो होतो. जमिनीबद्दल मी आज काही बोलणार नाही, त्यासाठी आलेलोही नाही. तुला आज काही बोलायचं नसेल तरी चालेल.’

येथे शब्द जसेच्या तसे परत उच्चारले आहेत, आणि तेच सर्वांत कठीण आहे. स्वतःच्या तोंडून ते वाक्य पुन्हा काढताना जीभ अडखळते. म्हणून ते आधी एकट्याने दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहावे. बाकी मजकूर पाठ करू नये. पाठ केलेली माफी शाळेतल्या भाषणासारखी बाहेर पडते.

पुन्हा असे होणार नाही, हे वचन देताना आवरते घ्यावे. ‘यापुढे मी तुझ्याशी कधीच चढ्या आवाजात बोलणार नाही’ हे पाळले जाणार नाही आणि मोडले की आजची माफीही खोटी ठरेल. ‘जमिनीचा विषय यापुढे चारचौघांत काढणार नाही, बोलायचं झालं तर आपण दोघंच बसून बोलू’ हे पाळता येण्यासारखे आहे.

कशी आणि कोठे

शक्य असेल तर समोरासमोर. भेटीआधी फोन करून ‘मला तुझ्याशी दहा मिनिटं बोलायचंय, तुझ्या घरी येऊ का?’ एवढेच विचारावे. अचानक दारात उभे राहून तिला पेचात टाकू नये. फोनवर ती म्हणाली की ‘काय ते आत्ताच सांग’, तर फोनवर सांगावे, भेटीचा हट्ट धरू नये. तो नवा हेका होईल. बहीण परदेशात असेल किंवा फोन उचलत नसेल, तर हाताने लिहिलेले पत्र चांगले. ते तिला हवे तेव्हा वाचता येते आणि लगेच उत्तर द्यावे लागत नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफी टाकू नये. तेथे काकांचा अंगठा आणि मामेबहिणीचे हात जोडलेले चित्र तिच्या उत्तराआधीच येऊन पडते, आणि मग तिने ‘ठीक आहे’ म्हणण्यावाचून काय करायचे?

मध्यस्थाचा मोह टाळावा. ‘आईला सांगतो, ती तिला समजावेल’ हा मार्ग सोपा दिसतो, पण त्यात आईला दोन्हीकडचे ऐकून घ्यावे लागते आणि बहिणीला आईचे मन राखण्यासाठी होकार द्यावा लागतो. थोरल्यांनी धाकट्यांची माफी मागायची वेळ येते तेव्हा तर आपल्याकडे शब्दांचा फारच कंजूषपणा होतो. वडील मुलाच्या आवडीची भाजी आणतात, सासू सुनेला ‘जेवलीस का गं?’ म्हणून विचारते, आणि विषय मिटला असे धरून चालतात. त्यातली माया खरी असते आणि ऐकणाऱ्याला ती कळतेही. पण भाजीने चूक कबूल होत नाही. थोरल्याने एकदा ‘मी चुकलो’ म्हटले, तर त्याचा मान कमी झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

बोलून झाल्यावर गप्प बसावे. हा सल्ला साधा दिसला तरी येथेच बहुतेकांचा तोल जातो. बहीण आता साठलेले सगळे बोलेल. त्यात तुम्हाला आठवत नसलेल्या गोष्टी असतील, काही अतिशयोक्ती असेल, एखादी गोष्ट साफ चुकीचीही असेल. ती म्हणेल, ‘तू मला घराबाहेर काढलंस,’ आणि प्रत्यक्षात ती स्वतःहून निघून गेली असेल. तेथे ‘मी कुठं काढलं?’ असे म्हणायचा मोह आवरावा. भरल्या घरात तसले बोलणे ऐकल्यावर तिला तेथे थांबणे शक्य नव्हते, आणि ती सांगते आहे ते हेच. ‘त्या दिवशी तुला थांबवायला मी आलो नाही,’ एवढे म्हणता आले तर पुरे. तपशिलाची दुरुस्ती कधीच झाली नाही तरी काही बिघडत नाही.

‘मग केलंस ना माफ?’ असे विचारू नये. चहा आला तर प्यावा, नाही आला तर निघावे.

त्यानंतर

भरपाईचे काम दुसऱ्याच दिवशी हाती घ्यावे. अपमान ज्यांच्यासमोर झाला, त्यांच्यासमोर तो पुसला गेला पाहिजे, म्हणून काका आणि आत्यांना एकेक करून सांगावे की त्या दिवशी मी ताईबद्दल जे बोललो ते खोटे होते. बहिणीने मला माफ केले की नाही, याचा त्याच्याशी संबंध जोडू नये. सांगून झाल्यावर तिला कळवण्याचीही घाई नको. नातेवाइकांत अशा बातम्या पोहोचायला वेळ लागत नाही. पारावरच्या मंडळींनाही हेच सांगावे लागेल, आणि एक-दोघे ‘बहिणीपुढे वाकलास होय?’ म्हणतीलच. ‘हो, चूक माझी होती’ एवढ्या उत्तरावर पुढचे बोलणे बहुधा खुंटते.

बहिणीने माफी स्वीकारली नाही, तर काय? अशा वेळी जुना हेका दुप्पट जोराने परततो: ‘मी एवढा वाकून गेलो, आता तिची पाळी.’ हे वाक्य मनात आले की समजावे, आपण माफीच्या बदल्यात काहीतरी घ्यायला गेलो होतो. तिला तीन वर्षे जे वाटत आले ते तीन दिवसांत जाणार नाही. तिच्या घरी कार्य असेल, कोणी आजारी असेल, मुलाचा निकाल लागला असेल, तेव्हा साधा फोन करावा, दोन मिनिटे बोलावे आणि माफीचा विषय पुन्हा काढू नये. दर महिन्याला नव्याने माफी मागणे म्हणजे तिच्यामागे तगादा लावणे होय.

प्रकरण आधीच न्यायालयात गेले असेल, तर थोडी सावधगिरी बाळगावी लागते. लेखी संदेशातला मजकूर दाव्यात पुढे येऊ शकतो, म्हणून पत्र पाठवण्याआधी ते आपल्या वकिलाला दाखवावे. ‘माफीच मागू नका’ असे तो म्हणाला, तर कोणत्या वाक्याला हरकत आहे ते नेमके विचारून घ्यावे. आपल्या शब्दांची माफी आणि हिश्श्याविषयीची भूमिका यांची सरमिसळ केली नाही, तर अडचणीचा भाग फारसा उरत नाही. दिवाणी दावा न्यायालय मध्यस्थीकडे सोपवू शकते, आणि तेथील बोलणी गोपनीय ठेवण्याची तरतूद २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात आहे. भावंडांना समोरासमोर बसून बोलायला ती जागा सुनावणीच्या दालनापेक्षा कितीतरी बरी. दोघांच्या वकिलांना त्याविषयी अवश्य विचारावे.

आणि कधी तरी बहीण स्वतःच म्हणेल, ‘ते हक्कसोडपत्राचं काय करायचं?’ त्या क्षणी खिशातून कागद काढून पुढे करू नये. ‘तू तुझ्या वकिलाला विचार, दाजींशी बोल, आणि तुला काय हवंय ते मला सांग, वाटा घ्यायचा असेल तर मोजणीचा अर्ज आपण दोघं मिळून करू,’ असे म्हणावे आणि ती काय सांगते याची वाट पाहावी.